अंगठ्याची घाई

निफाडात म्हणे पारा पाचावर आला होता त्या रविवारी.
पंचवटीतल्या मैदानावर मथुरा भोयेनं स्वेटर काढलं
आणि माझ्या हातात दिलं, "काका, धरा,"
कुणी भाजीची पिशवी धरायला द्यावी, तसं.

मी तिचा तसा कुणी नाही.
नाशिकरोडच्या छापखान्यात चौतीस वर्षं
नोटांचे ताव तपासले.
कुठं शाई पसरली, कुठं आकडा केसभर सरकला,
तो ताव उचलायचा, बाजूला ठेवायचा. एवढंच काम.
निवृत्तीनंतर हे घड्याळ घेतलं,
गळ्यात दोरी, वर एक बटण,
ज्याला सुरुवात आणि शेवट सोडून
मधलं काही कळत नाही.

आठशे मीटर म्हणजे दोन फेऱ्या.
पहिली डोक्यानं पळायची, कापडणीस सर म्हणतात,
दुसरी ज्याची त्यानं बघून घ्यायची.

पहिली बासष्टात.
सोबतीला सोडलेली दोन पोरं मागं पडली,
सुरगाण्याच्या चढावर कमावलेले तिचे पाय
सपाट मैदानाला जरा हसल्यासारखे.
शेवटच्या वळणावर ती बाहेरून आली,
केसांची रिबीन सुटलेली, तोंड उघडं,
आणि माझ्या छातीत काहीतरी तिच्या आधी पोचलं.

दोन मिनिटं सहा पूर्णांक आठ.

सरांच्या घड्याळाचा सेल नेमका त्या दिवशी संपला होता,
म्हणून माझाच आकडा खरा.
तो मी मोठ्यानं वाचला.
नऊ वाजता तो निमाणीच्या थांब्यावर होता,
दुपारी द्वारकेच्या कोंडीत अडकून
रिक्षावाल्यांच्या तोंडी,
संध्याकाळी पतसंस्थेच्या चेअरमनकडे पेढ्यांसकट.
जानेवारीतच सहा, तर जूनला किती?
लोक बोटांवर वजाबाकी करत होते:
एप्रिलला चार, मेमध्ये तीन,
आणि त्यापुढं विमानाचं तिकीट.
गेल्या वर्षी याच महिन्यात ती तेरात पळाली होती,
तेव्हा तिथं मी, सर
आणि एक कुत्रं होतं.

चौथ्या दिवशी फ्लेक्स लागला. "नाशिकची वाघीण."
शेजारी चेअरमन तिच्याहून मोठे,
खाली लाल अक्षरांत २:०६.८,
एकेक आकडा माझ्या हाताएवढा.
बसमधून मी तो बघितला
आणि चौतीस वर्षांत पहिल्यांदा वाटलं,
आपल्या हातून सदोष ताव बाहेर गेला.
आता तो बाजारात फिरतोय,
त्यावर उधारी चाललीय.

कारण मला माहीत होतं.
ती रेषेच्या दोन पावलं अलीकडं होती
तेव्हाच अंगठा दाबला गेला.
दाबला असं नाही म्हणत. दाबला गेला.

पुढच्या रविवारी कुंपणाला माणसं लागलेली,
कुणीतरी ढोल आणलेला.
मथुरा बुटाची नाडी बांधत होती, मान खाली.
"काका, त्या दिवशीचं खरं किती?"
मी स्वेटरची घडी घातली. उलगडली. परत घातली.
"आठच्या आसपास," म्हटलं. "साडेआठही असेल."
"वाटलंच," ती म्हणाली.
"सहा पळाले असते
तर जिना चढताना पोटऱ्यांनी सांगितलं असतं."
आणि दुसऱ्या बुटाकडं वळली.

त्या दिवशी मी अंगठ्याला
एखाद्या वांड पोरासारखं धरून ठेवलं.
तिची छाती रेषा ओलांडेपर्यंत.
ओलांडली. मग.

दोन मिनिटं सात पूर्णांक नऊ.
मोठ्यानं वाचला.
ढोल दोनदा वाजून थांबला.
"दुखापत असणार," कुणीतरी म्हणालं,
"लग्नाचं बघतायत का हिच्या?" दुसरं कुणी,
आणि माणसं मिसळ खायला निघाली.

ती कमरेवर हात ठेवून वाकलेली,
नाकातून वाफ, गुडघे थरथरत.
"हे पक्कं?"
"पक्कं."
हात पुढं केला, स्वेटर मागायला,
आणि अशी हसली, की जणू
तिच्या नावावर पहिल्यांदाच काही जमा झालं होतं.

फ्लेक्स अजून तिथंच आहे.
उन्हानं लाल रंग उडत चाललाय,
आधी पूर्णांकानंतरचा आठ.